मोड बघून घ्या

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, १२ ऑक्टोबर १९७५

श्री. महादेवप्पा भावजी यांना सोजरबाईचा नमस्कार.

ईरम्मा अक्कांना माझी आठवण सांगावी. इकडे मी बरी आहे. चटणीचं दुकान बरं चाललं आहे. परवा दसरा, म्हणून पेठेत झेंडूचे ढीग लागलेत आणि मोकाट शेळ्यांची चंगळ झाली आहे. तुम्ही तिकीटबाबूच्या नोकरीतून सुटलात आणि अक्कलकोट रोड स्टेशनापाशीच घर केलंत, हे येडूकडून कळलं. गुडघा कसा आहे?

अक्षर बघून तुम्ही पाकीट दोनदा उलटून पाहिलं असेल. हे पत्र कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. मीच लिहिते आहे. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी बँकेतल्या शिपायाची अंगठा उठवणारी बायको होते. ते गेले त्याला येत्या दिवाळीनंतर चार वर्षं होतील. पहिलं वर्ष मी नुसतं बसून काढलं. दुसऱ्या वर्षी त्यांची नाण्यांची पेटी उघडली. प्रत्येक नाण्यावर तीच तीन अक्षरं दिसली. म्हटलं, एवढ्या पैशांवर एकच नाव म्हणजे देशाचंच असणार. अशी ‘भारत’ ही तीन अक्षरं आली. मग ‘पैसे’ आलं. मग त्यांची नाण्यांची वही घेतली आणि एकेका नाण्याशी त्यांचं लिहिलेलं ताडून बघत बसले. पुढचं सगळं रद्दीने शिकवलं. चटणीच्या पुड्या बांधायला वर्तमानपत्रं येतात, ती मी बांधायच्या आधी वाचते. ती कापलेली असल्यामुळे माझ्या सगळ्या बातम्या अर्ध्या आहेत. वाडीजवळ पकडलेल्या दागिनेचोराचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही. ती पुडी शेजारची कमलम्मा घेऊन गेली.

आता मुख्य गोष्ट. मी नाणी बघते.

हसू नका. मोडीची टंचाई तुमच्याकडेही असेल. आमच्या गल्लीत तर पाच पैशांच्या जागी हातावर लिमलेटची गोळी ठेवतात. त्यांच्या जोडीचा येडू अजून बँकेतच आहे. तो जाता जाता दारातून ओरडतो, “वैनी, टाकसाळीची थैली आलीया!” की मी गल्लीतल्या अकरा दुकानदारांच्या नोटा गोळा करते आणि सगळ्यांची मोड एकदम घेऊन येते. त्यांचा हेलपाटा वाचतो. माझी अट एकच असते, मोड संध्याकाळी मिळेल. दिवसभर ती माझी.

सकाळी आमच्या उंबऱ्याशी तिरपं ऊन येतं. तिथे सासऱ्यांची काळी घोंगडी अंथरते आणि थैली ओतते. काळ्यावर नवं नाणं लपत नाही आणि लोकरीवर त्याला ओरखडा उठत नाही. त्याआधी शिकेकाईने हात धुते, नाहीतर प्रत्येक सिंहाला शेंगदाण्याचं तेल लागेल. कड धरून उचलायचं, उन्हात कलतं करायचं, अंगठा कडेवरून फिरवायचा, ठेवायचं. शेकड्यांनी नाणी एका आईच्या पोटची असावीत तशी सारखी निघतात. मग एखादं येतं. सिंहाच्या कपाळावरून केसाएवढी रेघ गेलेली, म्हणजे ठशालाच चीर पडलेली. किंवा कड उंदराने कुरतडल्यासारखी. किंवा आकडा दोनदा उमटलेला. ते दिसलं की मला लहानपणचा नातेपुत्याच्या बाजारातला पाळणा आठवतो, वरून खाली येतानाचा. मग त्याच्या जागी माझं धड नाणं ठेवते आणि ते काढून घेते.

कमलम्माने गल्लीभर सांगितलं की सोजरबाई पैशात सोनं शोधते. झालं. लोक यायला लागले. एकाने रुळावर ठेवून चपटे केलेले दहा पैसे आणले. एकीने पोराच्या करदोट्यात ओवायला भोक पाडलेली आठ आण्यांची अधेली आणली. “ह्यात बी चूक हाय की वैनी, घ्या!” मी प्रत्येकाला समजावून सांगते. टाकसाळीत झाली ती चूक. बाहेर आल्यावर माणसाने केलं ते नुकसान. पहिलं जपायचं असतं, दुसऱ्याला कुणी विचारत नाही. हे सांगताना माझा आवाज मास्तरासारखा होतो, असं कमलम्मा म्हणते.

गेल्या गुरुवारी पावल्यांची थैली आली. पंचवीस पैसे, याच सालचे, असे चकचकीत की डोळे मिटावे लागले. निम्मी थैली झाली आणि एक पावली हातात आली. एका बाजूला सिंह, नेहमीसारखे. उलटी केली. तिथे पंचवीसचा आकडा नाही. तिथेही सिंहच! पण वर आलेले नाहीत, आत गेलेले. कुणी ओल्या पिठात पावली दाबून काढून घ्यावी तसे. आणि भोवतीची अक्षरं मला वाचताच येईनात. भावजी, खरं सांगते, मला वाटलं तीन वर्षांत शिकलेलं वाचन मी एका क्षणात विसरले. शेजारची रद्दी ओढून वाचून पाहिली, ती वाचता आली. मग सुचलं. त्यांचा दाढीचा आरसा खुंटीवर आहे, तो काढला आणि पावली त्याच्यापुढे धरली. आरशात अक्षरं सरळ झाली, ‘भारत’. आणि आत गेलेले सिंह उठून उभे राहिले.

मी ओरडले. कमलम्मा पिठाच्या हाताने धावत आली. “अय्यो, काय चावलं?” म्हणत तिने हात पुढे केला.

“हात लावू नको!”

“सोनं हाय का?”

“सोन्याहून भारी हाय.”

“मग आमाला बी दाव की, लांबून!”

लांबून दाखवली. तिने दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाली, “ह्याचा आकडा कुटं गेला? दुकानदार घेणार न्हाई हां ह्याला.” खरंच, या पावलीला किंमत नाही, सालही नाही, टाकसाळीची खूणही नाही. सगळं त्या बाजूला असतं आणि ती बाजूच नाही. थैलीत बाकीच्या पंचाहत्तरच्या होत्या म्हणून हीसुद्धा पंचाहत्तरची, एवढंच आपलं म्हणायचं.

तीन दिवस झाले, मी चटणी कुटताना गाते आहे. गिऱ्हाईकं विचारतात, लेकीचं जमलं का? मला लेक नाही हे त्यांना माहीत आहे, तरी विचारतात.

पण हे कसं घडलं असेल, याला काय म्हणतात, हे कुणाला विचारू? हे सांगू शकणारी दोनच माणसं मला माहीत होती. एक घोंगडीवर माझ्या जागी बसायचे. दुसरे तुम्ही. तेव्हा दोन ओळी लिहाव्यात ही विनंती. हवं तर पावली बघायला पाठवते.

कागदाला अजून जागा आहे. पण आज आनंदाचंच लिहायचं ठरवून बसले होते.

आपली,
सोजरबाई ज्ञानबा वाघमोडे


भवानी पेठ, सोलापूर
शुक्रवार, २४ ऑक्टोबर १९७५

श्री. महादेवप्पा भावजी यांना सोजरबाईचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बघावं. कार्डात सहा ओळी आहेत. पाच नाण्यावर आणि एक आमच्यावर.

पाच ओळी मी कमलम्माला मोठ्याने वाचून दाखवल्या. तुम्ही किती सोपं लिहिलंत! ठोकून झालेलं नाणं खाली पडायला हवं होतं, ते ठशालाच चिकटून राहिलं. पुढचा कोरा तुकडा आला. यंत्र काही थांबत नाही. त्याने दाब दिला आणि त्या कोऱ्यावर ठशाऐवजी आधीच्या नाण्याचं तोंड उमटलं, उलटं आणि खोल.

कमलम्माने नीट ऐकलं. मग विचारलं, “म्हंजे आदीचा जागा सोडला न्हाई?”

“न्हाई सोडला.”

“अन् ह्यो नवा तसाच पुढं गेला? छातीवर त्याचा वळ घिऊन?”

“गेला की. थैलीत बसून सोलापूरला आला.”

तिने खुंटीवरच्या त्यांच्या आरशाकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठली.

सहावी ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. ‘नाणं पाठवू नये. ज्ञानबाच्या घरी नाण्याचं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे.’ ही ओळ मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. तुमचा राग नऊ वर्षांनी जसाच्या तसा, थैलीतून काढल्यासारखा निघाला. म्हणून आज मागच्या वेळी राहिलेलं लिहिते. पूर्ण वाचा. मध्ये टाकून देऊ नका.

सहासष्ट सालची दिवाळी. तुमचा तो सत्तावन्न सालचा एक नया पैसा त्यांच्याकडे आठ दिवस बघायला होता. ठसा सरकून पडल्यामुळे एका कडेला चंद्रकोरीएवढी कोरी जागा राहिलेली, आणि रंग अजून टाकसाळीतला, लालबुंद. हे सगळं मी आता लिहू शकते. तेव्हा मला एवढंच दिसलं की देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात एक काड्याची पेटी आहे आणि तिच्यात कापसावर एक तांब्याचा पैसा आहे. लक्ष्मीपूजनाचा दिवस. आमच्यात त्या दिवशी घरातलं सगळं तांबं-पितळ चिंचेने घासून लखलखीत करतात आणि पाटावर पैसे मांडतात. मी गडू घासला, पळी-पंचपात्र घासलं, समई घासली. मग म्हटलं हा एक पैसा का मागे राहावा. चिंच लावली, वर चुलीतली राख लावली आणि अंगठ्याने चांगला घासला. त्यावर एक काळा ठिपका होता. तो जाईना म्हणून नारळाच्या शेंडीने घासला.

ते बँकेतून आले. पाटासमोर बसले. पैशाकडे बघत राहिले.

“ह्यो कुणी घासला गं?”

“म्या की! कसा लखलखतोय बघा.”

भावजी, त्यांनी तो पैसा उचलला, दिव्यापाशी नेला, दोन्ही बाजू बघितल्या, परत पाटावर ठेवला. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, “लखलखतोय खरा.” आणि हात जोडले. नंतर माझ्या हातची करंजी खाल्ली, दुसरी मागून घेतली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडे आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मला येडूने फार नंतर सांगितलं. तुम्ही भरल्या फलाटावर म्हणालात, “ज्ञानबा, तू माझा पैसा घासलास? तुला नाणी कळतच न्हाईत!” आणि ते एवढंच म्हणाले, “चुकलं.” कुणाचं चुकलं ते सांगितलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, “महादेवप्पा आता यायचा न्हाई.” मी विचारलं का, तर म्हणाले, “असंच.” मी समजले, पुरुषांचं काहीतरी असेल. तुम्ही रविवारी यायचात, घोंगडीवर दोघं गुडघे टेकून बसायचात, ईरम्मा अक्का आणि मी आत भाकऱ्या थापायचो, ते सगळं एका दिवसात थांबलं आणि मला कारण कळलं नाही.

कळलं ते गेल्या वर्षी. मोंढ्यात एक जुनं तांब्याचं नाणं मिळालं, मी खुशीत ते चिंचेने घासायला घेतलं. येडू दारात आला आणि किंचाळला, “वैनी, काय करताय? घासलं की मेलं नाणं! ज्ञानबांनी सांगितलं न्हाई तुमाला?”

नाही, भावजी. त्यांनी मला सांगितलं नाही. चिंचेचा हात तसाच धरून मी येडूकडून फलाटावरचं सगळं ऐकून घेतलं.

लोकांना मी रोज समजावते की टाकसाळीबाहेर माणसाने केलं ते नुकसान. ते माझ्या हातचं आहे. त्यांना नाणी कळत होती. त्यांच्याइतकी कुणालाच कळत नव्हती. जगात दुसरा कोणी त्यांना निष्काळजी म्हणाला असता तर माझं काही बिघडलं नसतं. पण ते ज्याच्या नजरेला मानत होते त्याच्याच लेखी ते नाण्याला जपता न येणारे राहिले, आणि तसेच गेले. हे मला पुसायचं आहे. यासाठी मी पत्र लिहायला लागले, पावली निमित्ताला सापडली. मागच्या पत्रात लिहायचा धीर झाला नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी तुम्हाला सोडणार नाही.

त्यांच्या वहीत तुमच्या पैशापुढे दोनच शब्द आहेत, ‘परत दिला.’ त्याच्या पुढच्या पानांवर तीन नाणी आहेत. सदुसष्ट साल, तीन पैसे, सिंहावर आडवी चीर. अडुसष्ट, दोन पैसे, आकडा दोनदा. सत्तर, पाच पैसे, कोपरा कापलेला. तिन्ही नवी कोरी. आणि तिन्हींपुढे, कुठून मिळालं त्या जागी, एकच लिहिलंय, ‘अ. रोड, खिडकी.’

त्या वर्षांत ते दिवाळीनंतर एक दिवस अक्कलकोटला दर्शनाला जातो म्हणून जायचे. प्रसाद मात्र कधी आणायचे नाहीत. देवाला जाऊन रिकाम्या हाताने येणारा असा भक्त मी दुसरा पाहिला नाही. म्हणजे ते तुमच्या खिडकीच्या रांगेत उभे राहायचे, सोलापूरचं परतीचं तिकीट काढायचे आणि मोड घेऊन यायचे.

तुमच्या नजरेखालून चुकीचं नाणं नकळत सुटेल? एकदा सुटेल. तीन वर्षं, तीन वेळा, त्याच माणसाच्या हातात? मी शाळेत गेले नाही, पण एवढा हिशेब मला येतो.

पाठवू नका म्हणालात तरी पावली पाठवते आहे. रजिस्टर केली आहे. कापसात ठेवली आहे, कड धरूनच उचलली आहे. धुतलेली नाही!! ती ठेवून घ्या. तुमच्या पैशाची भरपाई होत नाही, मला माहीत आहे. पण माझ्याकडे याहून चांगली चूक नाही.

ईरम्मा अक्कांना माझा राग आला असेल तर तसं कळवावं. राग आला तरी चटणी खायची. सोबत पुडी आहे.

जिच्या हातून झालं ती,
सोजरबाई


भवानी पेठ, सोलापूर
रविवार, ९ नोव्हेंबर १९७५

महादेवप्पाअण्णा,

भावजी लिहायला घेतलं होतं, खोडावं लागू नये म्हणून नवा कागद घेतला. कारण खाली येईल.

दिवाळीत रोज टपालवाल्याची वाट पाहिली. लक्ष्मीपूजनाला काही नाही. पाडव्याला काही नाही. लक्ष्मीपूजनाला मी गडू आणि समई घासली आणि पाटावर कोरी नाणी मांडली, तशीच, हात न लावता. कमलम्मा म्हणाली, “ही काय घासत न्हाईस?” म्हटलं, “लक्ष्मीला आहे तशी आवडतात.” मनात मात्र म्हटलं, अण्णांनी पत्र टाकून दिलेलं दिसतंय.

भाऊबीजेला दुपारी दारात एक रेल्वेचा माणूस उभा. पांढरा डगला, हातात हिरवी झेंडी गुंडाळलेली. “सोजरबाई वाघमोडे कोन? अक्कलकोट रोडच्या बाबूंनी गाडीवर दिलंय.” आणि त्याने माझ्या हातात काड्याची पेटी ठेवली. गल्ली गोळा झाली. गार्डसाहेबाने स्वतः येऊन काड्याची पेटी द्यावी, म्हणजे सोजरबाईने शेवटी सोनं शोधलंच, अशी सगळ्यांची खात्री झाली आहे.

पेटी तीच आहे, अण्णा. कोपऱ्यावर त्यांनी निळ्या पेन्सिलीने केलेली फुली आहे. आत कापूस. कापसात माझी पावली आणि तिच्याखाली तो पैसा. फिकट गुलाबी, शेंडीचे ओरखडे जसेच्या तसे. चंद्रकोर मात्र शाबूत.

तुमची चिठ्ठी मी उंबऱ्यावर बसून वाचली. ‘पैसा फेकून दिला असं मी ज्ञानबाला तेव्हा सांगितलं होतं. फेकवला नाही. आता ओवाळणी म्हणून ठेवा. पावली परत करतो, ती शोधणाऱ्याच्याच घरी राहावी. खिडकीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. तो यायचा त्या दिवसांत मी एक नाणं गल्ल्याच्या डाव्या कप्प्यात आधीच काढून ठेवायचो. मान वर करायचं धाडस झालं नाही. मी म्हणायचो, मोड बघून घ्या. तो म्हणायचा, बघितली. एवढंच.’

मी हसायलाच लागले. कमलम्मा घाबरली. पण तुम्हीच डोळ्यांपुढे आणून बघा. मागे गाडीची रांग, लोक ओरडतायत, आणि दोन पिकलेल्या मिशांचे गडी, एक खिडकीच्या आत, एक बाहेर. मोड बघून घ्या. बघितली. वर्षभराचं बोलणं संपलं! यांना बायकांनी काय म्हणावं? एका डब्यात बसून अक्का आणि मी आलो असतो तर पाच मिनिटांत मिटवून भाकरी खायला बसवलं असतं दोघांना.

हसून झाल्यावर थोडा वेळ आत जाऊन बसले. ते वेगळं. ते रोजचंच आहे, त्याला सणवार नसतो. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की ते एकटे होते. रात्री भिंग घेऊन बसायचे तेव्हा त्यांच्याशी नाण्यांवर बोलणारं घरात कुणी नव्हतं, मला तेव्हा काही कळत नव्हतं. आता कळतं की वर्षातून एकदा का होईना, त्यांना नाण्यातलं कळणारा माणूस खिडकीत भेटत होता. ‘बघितली’ म्हणताना ते नक्की हसले असणार. वर बघितलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं.

मला भाऊ नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ज्या बाईला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, म्हणून लहानपणापासून दरवर्षी मी संध्याकाळी अंगणात उभी राहून चंद्राची कोर शोधते. कधी ढग, कधी मिलच्या धुराड्याचा धूर. ते गेल्यावर तेही सोडलं होतं. विधवेने ओवाळावं की नाही यावर आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. यंदा मी कुणाचंच मत विचारलं नाही. तबकात तुमचा पैसा ठेवला, कोर वर करून, आणि ओवाळलं. आभाळाकडे बघायची गरज पडली नाही. कमलम्माने अक्षता टाकल्या आणि विचारलं, “ह्यो तुजा भाऊ का?” म्हटलं, “भावाने पाठवलाय.”

म्हणून भावजी गेले आणि अण्णा आले. चालेल ना? न चालून सांगता कुणाला, ओवाळणी घालून बसलात!

त्यांची वही मी नंतर उघडली. आजवर तिच्यात मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. माझी नाणी मी वेगळ्या वहीत लिहिते, त्यांच्या ओळींत माझं गिचमिड अक्षर नको म्हणून. परवा लिहिलं. जिथे ‘परत दिला’ आहे तिथे, त्याच ओळीत, पुढे जागा होती. ‘परत आला. भाऊबीज १९७५.’ तारीख घालताना सातावर थोडी शाई सांडली आहे. ती मी पुसली नाही. घासायचं मी सोडून दिलं आहे.

येडू म्हणतो, या महिन्याच्या अखेरीस दहा पैशांची थैली यायची आहे. रविवारी सकाळच्या गाडीने तुम्ही आणि अक्का या. गुडघा दुखत असेल तर उंबऱ्याजवळ पाट ठेवीन, त्यावर बसा. घोंगडी मोठी आहे. तिची एक बाजू नऊ वर्षं कुणी वापरलेली नाही, आणि तिकडेच ऊन चांगलं येतं.

येताना खिडकीवर तिकीट काढाल तेव्हा मोड बघून घ्या.

तुमची धाकटी बहीण,
सोजर